पिवळी पट्टी

परवा नातवाचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं, तेही कागदाच्या पट्टीवरून. आमच्या घरचा चिवडा रोहन आता खोक्यात भरून लांब लांब पाठवतो. पुण्याला, बंगळूरला, एकदा तर समुद्रापार. मागवणाऱ्यांच्या दोन जाती. एक नवखे, म्हणजे आमच्याकडचं तिखट असतं तरी कसं हे ज्यांना लांबूनच बघायचंय ते, आणि दुसरे शौकीन, ज्यांच्या नाकातून पाणी आल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. दोघांची खोकी वेगळी, आणि कुठलं पाकीट कुठल्या खोक्यात जाणार हे ठरवायचं काम माझं. ते मी आजवर कुणाला दिलेलं नाही. तर या शहाण्यानं नवख्यांच्या पाकिटांवर डकवायला पिवळ्या पट्ट्या छापून आणल्या. म्हणाला, "आज्जी, पिवळं म्हणजे कमी तिखट, लहान पोरालाबी कळतं." मी तो गठ्ठा उचलला आणि पाण्याच्या बंबात घातला. पोरगं माझ्या तोंडाकडं बघतच राहिलं. म्हातारीचं डोकं फिरलं असं वाटलं असणार त्याला. वाटू दे. जांभळ्या लाव, हिरव्या लाव, पिवळी माझ्या नजरेला पडायची नाही, असं ठणकावून सांगितलं. का, ते मात्र तोंडानं सांगता येईना. म्हणून लिहायला बसले.

आमचं घर जळकोटला, हमरस्त्याला लागून. दिवसभर सोलापूर-हैदराबादकडच्या ट्रका दारावरून जायच्या आणि फळीवरचे डबे थरथरायचे. घरात अण्णा म्हणजे माझे वडील, त्यांची थोरली विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. माय मी लहान असतानाच दम्यानं गेली. तिचा चेहरा मला धड आठवत नाही, पण तिचा श्वास आठवतो. छातीत बारीक शिट्टी वाजायची. रात्री तिच्या कुशीत झोपले की ती शिट्टी माझ्या कानाशी असायची, आणि मध्येच थांबली की मी दचकून उठायची. ती कशी गेली हे घरात कुणी बोलायचं नाही. मी एकदा विचारलं तर आत्यानं माझ्या हातात परात दिली आणि म्हणाली, "चुरमुरं चाळ गुमान."

अण्णांचा धंदा चिवड्याचा. चुरमुरे, डाळं, शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता, आणि वरून तिखट. सगळी करामत त्या तिखटाची. महिन्या-दोन महिन्यांनी एक दिवस मिरची भाजायचा, आणि त्या दिवसाची मला फार धास्ती. हिरवी लवंगी सावलीत वाळवलेली असायची, ती आत्या मोठ्या तव्यावर कोरडीच भाजायची. तोंडाला ओलं फडकं बांधून ती आत जायची आणि मागून दार ओढून घ्यायची. थोड्याच वेळात सगळ्या आळीला ठसका लागायचा. शेजारणी दारं-खिडक्या लावून आम्हाला शिव्या घालायच्या, कुत्रीसुद्धा शिंकत पळायची. अण्णा त्या दिवशी गिऱ्हाईक करायचे नाहीत. दाराबाहेर उकिडवे बसायचे आणि दर घडीला आत हाक मारायचे, "आक्का, ओ द्या!" आतून आत्या खोकत म्हणायची, "ओऽ!" एखादवेळी तिची ओ यायला उशीर झाला की अण्णा दारावर अशी थाप मारायचे की कडी खणखणायची. मला वाटायचं, काय हा माणूस! बाई बिचारी आत जळतेय आणि याची दादागिरी बघा. गंमत म्हणजे स्वतः अण्णा तिखटाचा कणही खायचे नाहीत. चाखायचं काम आत्याचं. अण्णा ताकभाकरी खायचे, वर गुळाचा खडा.

माल भरायचं काम माझं आणि आत्याचं. तेव्हा आत्तासारखी यंत्रं कुठली! प्लॅस्टिकची पिशवी भरायची, तिचं तोंड लोखंड कापायच्या करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून सर्रकन फिरवायचं. जरा हात रेंगाळला की पिशवीला भोक आणि बोटाला फोड. तोंड बंद करायच्या आधी आत पतंगाच्या कागदाची एक पट्टी सरकवायची. नाव-गाव काही छापलेलं नसे. वाचता येणारी गिऱ्हाइकं थोडी, आणि रंग सगळ्यांना कळतो. पिवळी पट्टी म्हणजे फिकं, नुसतं हळद-मीठ. तांबडी म्हणजे मधलं, त्यात ब्याडगी मिरची. आणि काळी पट्टी म्हणजे लवंगीचं. आता बघा, ब्याडगीचा चिवडा दिसायला लालभडक, नवखा माणूस त्याला बघूनच मागं सरायचा, पण जिभेला तो गरीब. आणि हिरव्या लवंगीचा चिवडा दिसायला फिकट पिवळा, हळदीच्या चिवड्यासारखाच. फिकं आणि लवंगीचं शेजारी ठेवलं तर जुळ्या बहिणी. पट्टीशिवाय ओळखायचं म्हटलं तर खाऊनच. म्हणून पट्टीच्या बाबतीत अण्णा कसायासारखे. एकदा एका पिशवीत पट्टी घालायची राहिली, तर त्यांनी आख्खी दुरडी माझ्यासमोर उकिरड्यावर पालथी केली. आणि नुसतं माझ्याकडं बघितलं. मार परवडला असता, पण ती नजर नको. अण्णांच्या पावलांचा आवाज आला की मी आधी हातातली पट्टी तपासायची आणि मग श्वास घ्यायची.

गिऱ्हाइकाला पाकीट निवडून द्यायची अण्णांची रीत मात्र बघण्यासारखी. मागेल ते द्यायचे नाहीत. आधी विचारायचे, "घरी भाजीत काय टाकता? खोबरं का दाण्याचं कूट?" खोबरं म्हणालं की पिवळं. कूट म्हणालं की तांबडं. आणि एखादा म्हणाला, "मालक, आज ताजं हाय का?" की हात सरळ काळ्याकडं. "सुमे, ध्यानात ठेव," मला सांगायचे, "तिखट हाय का म्हणून इचारतो त्यो नवखा. शौकीन माणूस ताजं हाय का तेवढंच इचारतो." छातीवर हात मारून "लई तिखट द्या" म्हणणाऱ्या पोरांना ते हमखास तांबडं द्यायचे, आणि ती पोरं लाल रंग बघूनच खूश होऊन जायची.

ज्या जत्रेनं हे सगळं बदललं ती अणदूरच्या खंडोबाची. दरवर्षी आम्ही तिथं पाल ठोकायचो. त्या साली जत्रेच्या आधी अण्णा तेलासाठी सोलापूरला गेले होते, आणि आत्या आणि मी पाकिटं भरत बसलो होतो. काळ्या पट्ट्यांचा गठ्ठा मी पुढं ओढला तर आत्यानं माझा हात धरला. "देवाच्या दारात काळा कागद? अगं येडी का काय तू! मल्हारीच्या जत्रंत पिवळं सोडून काय शोभतं का?" मी म्हटलं, "आत्या, आन् अण्णा?" "त्याला मी सांगते की. लवंगीची दुरडीच येगळी ठिवते, वर लिंबाचा डहाळा खोचते. हाय काय त्यात!" आणि तिनं सगळ्या लवंगीच्या पाकिटांत पिवळ्या पट्ट्या घातल्या, प्रत्येक पट्टी आधी कपाळाला लावून. मन लावून काम करत होती बिचारी. मला भीती वाटत होती, पण ती अण्णा रागावतील याची. दुसरं काही मनात आलंच नाही. अण्णा रात्री उशिरा आले आणि आत्याचं सांगायचं राहूनच गेलं. पहाटे गावातल्या एकाचा टेंपो आला. त्याच्याकडं जागा कमी. आत्या देवाला हळद वाहायला आत गेली होती. अण्णांनी दुरड्या बघितल्या, पट्ट्या पिवळ्या बघितल्या, लिंबाचा डहाळा उचलून फेकला, आणि फिकं, तांबडं, लवंगी सगळं एकाच पोत्यात रिकामं केलं. काळ्या पट्ट्या खाली कुठंतरी असतील असं धरून चालले, पट्टीवर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा. मी तेव्हा आत मेणबत्त्या गोळा करत होते, हे सगळं मागाहून कळलं.

अणदूरला पोचलो तेव्हा भंडारा उधळायला सुरुवात झालेली. हलगी कडकडत होती, "यळकोट यळकोट जय मल्हार"च्या आरोळ्या, भोंग्यावर हरवलेल्या लेकरांची नावं. अण्णा पालाचे दोर ताणत होते, आत्या दर्शनाला गेलेली, गल्ल्यावर मी. तेवढ्यात एक बाई आली. अंगावर निळं पातळ, कडेवर चार-पाच वर्षांचं बारकं पोरगं. बोलण्यावरून इकडची नव्हेच. म्हणाली, "आम्ही कोकणातले गं. यांची बदली झाली इथे, पाटबंधाऱ्यात. याला काहीतरी हवंय, पण तिखट अगदी चालत नाही. दमा आहे त्याला." मी अण्णांच्या थाटात विचारलं, "भाजीत खोबरं घालता का, काकू?" ती हसली. "खोबऱ्याशिवाय भाजी होते का?" मी पिवळ्या पट्टीचं पाकीट काढून दिलं. पोराच्या छातीशी माझा हात लागला. आत बारीक शिट्टी वाजत होती. माझ्या मायची शिट्टी. मी मुद्दाम म्हटलं, "काकू, बिनघोर द्या. ह्यात मिरचीच न्हाय." ती गर्दीत गेली.

थोड्या वेळानं शरणप्पा आला. हुमनाबादकडचा ट्रकवाला, आमचं जुनं गिऱ्हाईक. लवंगीचा चिवडा चुरमुऱ्यासारखा खायचा तो. "पोरी, ताजं हाय का? काढ माझं काळं." मी पोत्यात हात घातला. पिवळं. पिवळं. तांबडं. पुन्हा पिवळं. काळ्या पट्ट्या नाहीतच हे मला ठाऊक होतं, पण दुरडी कुठाय? लिंबाचा डहाळा कुठाय? "अण्णा, लवंगीची दुरडी कुठं ठिवली?" "कसली दुरडी? सगळं त्याच पोत्यात हाय." मी एक पिवळं पाकीट फोडून चिमूट तोंडात टाकली. फिकं. दुसरं फोडलं आणि जिभेवर निखारा पडला. डोळ्यांतून पाणी यायच्या आधीच मी अण्णांना सगळं सांगितलं. पट्ट्यांचं, कोकणातल्या बाईचं, दम्याचं. मला वाटलं आता थोबाडात बसणार. पण अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला दोर सुटला आणि पाल एका अंगानं खाली आलं. "शिट्टी वाजत हुती?" एवढंच विचारलं त्यांनी. मी मान डोलावली. "पळ," म्हणाले, "निळं पातळ हुडक. मी भोंग्याकडं जातो."

मी पळत सुटले. आणि बाई गं, निळं पातळ कुठलं! भंडाऱ्यानं सगळी माणसं पिवळी. पातळं पिवळी, टोप्या पिवळ्या, कडेवरची पोरं पिवळी, बैलं पिवळी. जिकडं बघावं तिकडं तीच पट्टी. मी कडेवर लेकरू असलेल्या प्रत्येक बाईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत होते. एका म्हातारीनं मला शिवी दिली, एकीनं ढकललं. हलगीच्या आवाजात कुणाचं रडणं ऐकू येईना, मग शिट्टी कशी ऐकू येणार? मला आठवतं, मी पळता पळता देवाला म्हणत होते, माझी माय नेलीस ती नेलीस, हे नको नेऊ. अजून जत्रेत हलगी ऐकली की माझे तळहात गार पडतात. आमच्या रोहनच्या लग्नात सुद्धा मी हलगीवाले आणू दिले नाहीत. सगळे म्हणाले, म्हातारी हट्टी. असू दे.

तेवढ्यात भोंगा खरखरला, आणि त्यातून अण्णांचा आवाज आला. चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस तो. "ऐका मंडळी. मी जळकोटचा चिवडेवाला सोता बोलतुया. माझ्या पालावरनं पिवळ्या पट्टीचं पाकीट कुणी घेतलं असंल तर खाऊ नका. लेकरांना तर आजिबात देऊ नका. माझा माल खाऊ नका." मग आवाज फाटला. "माय, निळ्या पातळाची, कोकणची, कुठं असशील तिथं लेकराच्या तोंडातलं काढ गं." हलगी थांबली. आख्खी जत्रा एकमेकांच्या हातांकडं बघायला लागली. आयुष्यभर जपलेलं नाव अण्णांनी त्या भोंग्यात स्वतःच्या हातानं संपवलं, हे मला तेव्हाही कळलं.

हलगी थांबली म्हणूनच मला ती सापडली. पाण्याच्या टाकीच्या मागं कुणीतरी घशातून घरघर करत होतं. जाऊन बघते तर ती बाई भिंतीला टेकून बसलेली, तोंड लालबुंद, डोळे-नाक वाहतंय, आणि मांडीवर पोरगं आडवं. त्याच्या तोंडावर तिचा पंजा गच्च दाबलेला. पोराचे पाय निपचित. फाटलेलं पाकीट बाजूला पडलेलं. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. संपलं, असंच वाटलं मला. मी तिचा हात ओढायला वाकले, तसं ते पोरगं तिच्या पंजाला कडकडून चावलं आणि मोठ्यानं भोकाड पसरलं, "मला पायजेऽ!" त्या बाईला बोलता येईना. तिनं बोटानं आधी स्वतःच्या तोंडाकडं दाखवलं, मग पोराकडं, आणि मान जोरजोरात हलवली. तिनं आधी स्वतः खाल्लं होतं. परक्या मुलखात पोराला काही द्यायचं तर आधी आपण चाखायचं, ही तिची सवय. जीभ भाजल्यावर आवाज फुटेना, आणि पोरगं तर पाकिटाला झोंबत होतं, म्हणून तोंडच दाबून धरलं. मी त्याच्या छातीला कान लावला. शिट्टी होती, पण सकाळी होती तेवढीच. मी टाकीवरून पाणी आणायला निघाले तर मागून कुणीतरी ओरडलं, "पाणी नको, आग पसरंल!" अण्णा होते. कमरेचा गुळाचा खडा काढून त्यांनी त्या बाईच्या हातावर ठेवला आणि तिथंच मातीत बसले. पालाची मेख अजून त्यांच्या दुसऱ्या हातात होती.

गूळ तोंडात विरघळल्यावर ती बोलली. "विष विकता का हो तुम्ही?" अण्णांनी हात जोडले. पट्टीचं, आत्याचं, माझं, कुणाचं नाव घेतलं नाही. पोरगं मात्र रडायचं थांबेना, त्याला चिवडाच पाहिजे. अण्णा त्या दोघांना घेऊन पालावर आले. तिथं लोक पाकिटं माघारी घेऊन उभे होते, कुणी शिव्या देत, कुणी हसत. आत्या जमिनीला खिळल्यासारखी उभी. भंडाऱ्यानं माखलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं. "उकिरड्यावर टाक समदं," ती म्हणाली. "मी चाखते, न्हायतर." अण्णा म्हणाले, "न्हाय आक्का. आज मी." माय गेल्यापासून ज्या माणसानं तिखट जिभेला लावलं नव्हतं, त्यानं पाकीट फोडलं आणि मूठभर चिवडा तोंडात टाकला. लवंगी. दुसरं फोडलं. पुन्हा लवंगी. मग फिकं लागलं, तेव्हा त्यातलं त्यांनी त्या पोराच्या ओंजळीत घातलं, आणि ते खाईपर्यंत त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. मग रांगेतल्या पुढच्या लेकराचं पाकीट. मग त्याच्या पुढचं. ओठ सुजले, मानेच्या शिरा ताठल्या, पण एकाही लेकराला त्यांनी आधी स्वतः खाल्ल्याशिवाय दिलं नाही. शरणप्पा म्हणाला, "मालक, मी खातो, मला काय हुत न्हाय." अण्णांनी नुसता हात वर केला.

ऊन उतरल्यावर आम्ही टेंपोतून परत निघालो. आत्या पुढं बसली होती, मी आणि अण्णा मागं रिकाम्या पोत्यांवर. मी भीत भीत त्यांच्याकडं बघत होते. आता घरी गेल्यावर काय होणार याचाच विचार डोक्यात. नळदुर्ग मागं पडलं तेव्हा सुजलेल्या तोंडानं ते बोलले. "सुमे, त्या लेकराचा दम निघताना ऐकला का गं तू?"

"व्हय अण्णा. चांगला हुता."

"परत सांग."

"चांगला हुता, अण्णा. खरंच."

मग ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "तुझ्या मायचा मला ऐकू आला न्हाय. आत मिरची भाजत हुती. दार मीच लावलं हुतं, गिऱ्हाइकाला ठसका नको म्हणून. भायेर बोलत बसलो. शिट्टी वाजली असंल की गं. हाक बी मारली असंल." त्यांनी माझा हात धरला. तो जळकोट येईपर्यंत सोडला नाही. तोवर मला वाटायचं की आमच्या घरात भिणारी मी एकटीच. त्या दिवशी कळलं की माझ्याहून जास्त भ्यालेला माणूस दर भाजणीला दाराबाहेर उकिडवा बसत होता, आणि मी त्यालाच भीत होते.

अण्णांना जाऊन आता किती वर्षं झाली. आता मिरची यंत्रात भाजतात, वर पंखे आहेत, बायका तोंडाला मास्क लावतात. तरी भाजणीच्या दिवशी मी खुर्ची घेऊन त्या खोलीच्या दाराशी बसते. रोहन हसतो, "आज्जी, आत धूर तरी हाय का?" हसू दे त्याला. मी मांडीवर नवख्यांची पाकिटं घेते, प्रत्येक घाण्यातलं एक फोडून आधी खाते, डॉक्टर काही का म्हणेना, आणि मध्ये मध्ये हाक मारते, "पोरींनो, ओ द्या गं!" आतून "ओऽ" आली की मगच पुढचं पाकीट उचलते.